सॅम्पल फ्लॅटमध्ये राहून राहिलो

चित्रकला शिकणाऱ्या पोरींना नागपुरात कोणी खोली देत नाही, हे मला शेवटच्या वर्षाला कळलं. तोवर मी हॉस्टेलला होते. मग हॉस्टेलची इमारत दुरुस्तीला काढली आणि "आपापली सोय बघा" म्हणून कॉलेजवाले मोकळे झाले. त्या वर्षी अर्ध्या शहरातल्या पोरी खोल्या शोधत फिरत होत्या. नर्सिंगवाल्यांचा, इंजिनिअरिंगवाल्यांचा नंबर आधी लागायचा, आमचा लागतच नव्हता. धरमपेठेतल्या एका काकूंनी मला आणि माझ्या मैत्रिणीला बसवलं, सरबत पाजलं, खोली दाखवली आणि कॉलेजचं नाव ऐकल्यावर ग्लास उचलून घेतले. "भिंती रंगवाल," त्या म्हणाल्या, "आणि ते बिना कपड्यांचे माणसं काढता म्हणे तुम्ही." मैत्रीण गोंदियाची, तिला सगळे गोंदियावालीच म्हणायचे. ती शांतपणे म्हणाली, "काकू, ते कॉलेजात काढतो, घरी नाही आणत." झालं, खोली गेली.

इकडे आर्वीहून बाबांचा फोन. त्यांचं तिथं किराण्याचं दुकान आहे आणि फोनवरही ते गिऱ्हाईकाशी बोलल्यासारखं मोजकं बोलतात. "धड जागा भेटली तर राह्य, नाही तर घरी ये. शेवटचं वर्ष गेलं तर गेलं. पोरगी कुठंही टाकून मले झोप नाही येत." बाबा एकदा बोलले की बोलले, हे आमच्या घरात मांजरालाही माहीत होतं. मला घरी जायचं नव्हतं. चार वर्षं हातपाय मारून आता दुकानात बसून साबणाच्या वड्या मोजायच्या, या विचारानंच माझं डोकं फिरायचं.

जागा मिळाली ती अशी. जरीपटक्याच्या पुढं एक बिल्डिंग अर्धवट उभी होती. नुसते खांब आणि सळया. काम बंद पडून बरीच वर्षं झाली होती. आम्ही तिथं स्केचिंगला गेलो. आवारातल्या टिनाच्या खोलीत चौकीदाराची बायको राहायची, नवरा दुसऱ्या साईटवर. तिला आम्ही मावशी म्हणू लागलो. मावशीनं पाणी दिलं, दोघींची कहाणी ऐकली आणि कमरेची किल्ली काढून म्हणाली, "चाला, तुमाले महाल दाखवतो."

महाल म्हणजे सॅम्पल फ्लॅट. सगळी बिल्डिंग उघडी, पण तळमजल्यावर गिऱ्हाईकाला दाखवायला एकच फ्लॅट अगदी नटवून ठेवलेला. पांढरा सोफा, भिंतीभर टीव्ही, एसी, काचेच्या वाटीत द्राक्षं. मी हावरटासारखं एक द्राक्ष तोंडात टाकलं. ते प्लास्टिकचं होतं. मग एकेक कळत गेलं. टीव्ही म्हणजे काळा चकचकीत कागद लावलेलं खोकं, एसीत आत काहीच नाही, नळाला पाणी नाही, आणि बाथरूमकडं वळलेल्या गोंदियावालीला मावशीनं दंड धरून मागं ओढलं. "ते वापराचं नाही वं, दाखवाचं हाय. मांगून पाईपच नाही जोडला."

त्याच संध्याकाळी आम्ही बॅगा घेऊन आलो. बिल्डर शेठला विचारलं नाही. शेठ सहा-सहा महिने फिरकत नसे, आणि मावशी म्हणायची, सोफ्यावर कोराडीच्या वीजकेंद्राची राख बसते, त्याच्यापेक्षा पोरी बसल्या तर काय वाईट. अटी तिच्या. स्वयंपाक आणि आंघोळ तिच्याकडे, आणि रविवारी एखादं गिऱ्हाईक अजूनही फ्लॅट बघायला यायचं, ते यायच्या आत आमची एकही वस्तू दिसली नाही पाहिजे.

आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला. मी काहीच बोलले नाही, नुसता फोन फिरवला. सोफा, एसी, द्राक्षं. मग बाबा म्हणाले, "टीव्ही केवढा मोठा आहे वं." दुसऱ्या कॉलला त्यांनी विचारलं, "टीव्ही बंद काहून असते?" मी म्हटलं, "अभ्यास असतो बाबा." माणूस इतका खूश झाला की दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला साखरेबरोबर हे पण बांधून द्यायला लागला. पोरीच्या फ्लॅटवर एवढा मोठा टीव्ही, पण लावत नाही. आमच्या आर्वीतली निम्मी पोरं त्या टीव्हीपायी शिव्या खात होती, आणि मला ती गोष्ट आवडतही होती.

एका रविवारी मात्र फजिती झाली. एक जोडपं वेळेच्या आधीच आलं. गोंदियावालीचा टॉवेल पडद्याच्या दांडीवर, मी सोफ्यावर पोहे खात बसलेली. दारात मावशी, तिच्या मागं ते दोघं. त्या बाई आमच्याकडं बघून म्हणाल्या, "ह्या इथं राहतात काय?" मावशीनं पापणीसुद्धा लववली नाही. "राहत नाही. राहून राहिल्या." बाईंनी "अच्छा" म्हणून मान डोलावली आणि किचन बघायला गेल्या.

पुण्यामुंबईच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागेल. आमच्याकडं माणूस जेवत नसतो, जेवून राहिलेला असतो. जात नसतो, जाऊन राहिलेला असतो. तसंच राहण्याचं. राहतो म्हटलं की त्यात भाडेकरार आला, दारावरची पाटी आली, गॅसचं कार्ड आलं. राहून राहिलो म्हणजे सध्या चालू आहे, पुढचं पुढं बघू. त्या जोडप्याला एका शब्दात सगळा मामला कळला, आणि खरं सांगते, मलाही तेव्हाच कळला.

गोंदियावालीनं तो शब्द उचलला. शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनात दोघींनी मिळून हेच राहणं मांडायचं, असं तिचं ठरलंसुद्धा. मी भांडले. बाबांना समजलं तर दुसऱ्या दिवशी मी आर्वीच्या बसमध्ये असेन. "तुझे बाबा इतक्या लांब चित्रं पाहाले येऊन राहिले काय?" ती म्हणाली. तेही खरंच होतं. बाबांनी माझं एकही चित्र आजवर धड पाहिलं नव्हतं. पुठ्ठ्यासाठी मी त्यांच्याच दुकानातली रिकामी खोकी मागवली, तर त्यांनी "प्रोजेक्टसाठी" म्हणून एसटीनं गठ्ठाच पाठवला. साबणाच्या आणि बिस्किटांच्या त्या खोक्यांतून आम्ही सोफा, एसी, टीव्ही असं सगळं बनवलं. समोरून पाहिलं तर चकाचक फ्लॅट. मागं गेलं की आमचं खरं सामान कोंबलेलं, ओले मोजे, टूथब्रश, आईनं चिवडा भरून दिलेला हिरव्या झाकणाचा डबा. द्राक्षं मात्र फ्लॅटमधलीच, "वापस आणून ठेवजा" असा दम मावशीकडून घेऊन आणलेली. खाली पाटी लावली: दोन मुली, एक सॅम्पल फ्लॅट, राहून राहिलो.

परीक्षक पुण्याकडचे होते. पाटीपाशी थांबून, चष्मा सावरून ते म्हणाले, "इथं एक शब्द दोनदा पडलाय. तुम्हाला नुसतं राहिलो म्हणायचंय का?" गोंदियावाली म्हणाली, "नाही सर, इकडं असंच राहतात." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. आम्ही हसू दाबत होतो, आणि तेवढ्यात मला दारात बाबा दिसले. लग्नाला घालतात तो शर्ट, हातात पिशवी. आईला मी फोनवर तारीख सांगितली होती, ती धरून, पोरीचं प्रदर्शन आहे म्हणून दुकान बंद करून आले होते, आणि मला न सांगता आले होते, आनंद द्यायला.

बाबा सरळ आमच्या कामापाशी गेले. आधी त्यांना आपली खोकी ओळखू आली, म्हणून खूश झाले, एका साबणाच्या खोक्यावर बोट ठेवून शेजारच्या माणसाला सांगूही लागले. मग द्राक्षांपाशी थांबले. वाटी निरखून पाहिली. पाटी वाचली, ओठ हलवत, दुकानातली चिठ्ठी वाचतात तशी. मग मागच्या बाजूला गेले आणि तिथं त्यांना हिरव्या झाकणाचा डबा दिसला. वाकून ते त्या डब्याकडं बघत राहिले. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"तो टीव्ही लागतच नाही काय वं?"

"नाही बाबा. खोकं आहे."

"मंग मी सगळ्याइले उगाच सांगून राहिलो होतो, पोरगी अभ्यास करते म्हणून टीव्ही लावत नाही."

"अभ्यास करतच होते बाबा."

मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचीही भीती वाटत होती. पिशवी या हातातून त्या हातात घेऊन ते म्हणाले, "चाल. दाखव."

ऑटोत त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली. साईटवर मावशीनं त्यांना पाणी दिलं. बाबांनी फ्लॅटभर फिरून माल तपासावा तसा फ्लॅट तपासला. टीव्हीवर टिचकी मारली, पोकळ आवाज आला. नळ सोडला, कोरडाच. एक द्राक्ष दाबायला वाटीच्या जागी हात नेला, तर वाटी प्रदर्शनात होती. मग दारापाशी जाऊन कडी लावली, काढली, मला आतून लावायला सांगून बाहेरून दाराला खांदा देऊन पाहिला. सोफा सोडला तर त्या घरात तेवढी एकच वस्तू खरी होती.

"ताई, तुम्ही कुठं राहता?" त्यांनी मावशीला विचारलं.

"हे काय, टिनात. माहं पोरगं इथंच रांगलं, आता लग्नाचं झालं. आमीबी राहूनच राहिलो दादा."

"इकडं लक्ष ठेवता?"

"पोरी सोफ्यावर झोपतात, मी दारात झोपतो," मावशी म्हणाली.

हे मला माहीत नव्हतं. मी तिच्याकडं पाहिलं तर ती पदरानं सोफ्यावरची राख झटकायला लागली, आणि बाबा तिथं बसले. जपून, कडेवर, दुसऱ्याच्या घरी बसतात तसे. मी समोर उभी. आता म्हणतील, बॅग भर. मी मनात बॅग भरायलाही घेतली होती, आधी रंग, मग कपडे.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आईचा. तिचा आवाज मला चार हातांवरूनही ऐकू येत होता.

"पोचले काय? पाहिला फ्लॅट?"

"पाहिला."

"कसा आहे?"

बाबांनी एकदा एसीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "चांगला आहे. कडी पक्की आहे. शेजारीण चांगली आहे."

"मंग पोरीले घेऊन येता म्हणत होते ना, जागा बरोबर नसली तर?"

"परीक्षा झाली की येईल ते पोरगी."

मी मनात भरलेली बॅग परत रिकामी केली. आई अजून बोलतच होती. आता काय करून राहिले, तिनं विचारलं. बाबा सोफ्यावर मागं सरकले, टेकले आणि समोरच्या काळ्या खोक्याकडं बघत म्हणाले, "टीव्ही पाहून राहिलो."