घोंगडीएवढी जागा

आमच्या एमआयडीसीतल्या बियाणे कंपनीचे माळीमामा रोज सकाळी लॉनवर उकिडवे बसलेले दिसतात. घर मेंढरंवाल्यांचं, त्यामुळे गवताकडे ते ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघतात. आधीच्या माळ्याने भलतंच तणनाशक मारून लव्हाळ्याच्या तणासकट सगळं लॉन जाळलं होतं. नवं लॉन लावलं, तर लव्हाळा पुन्हा आलाच. साहेबांनी मामांना बजावलं, "आता जळलं तर तुम्हीही घरी."

मामांनी लॉनचं गवत सोडून लव्हाळा मारणारं औषध मागवून घेतलं. मग कोपऱ्यात आपली घोंगडी अंथरली, तिच्या चार टोकांना खुंट्या ठोकल्या, घोंगडी उचलली आणि तेवढ्याच जागेत फवारलं.

"जल्दी करा की, मामा," मी म्हणालो.

"करून राह्यलो ना. गवताला बोलता येत न्हाई, मंग आपणच थांबावं."

पंधरा दिवस ते थांबले. ऑफिसच्या खिडकीतून मीही रोज त्या चौकोनाकडे बघायला लागलो. इतकी वाट मी प्रमोशनचीही पाहिली नव्हती. लव्हाळा पिवळा पडला, लॉन हिरवंच राहिलं. साहेब खूश. म्हणाले, "मारा आता सगळीकडे. फुलांच्या वाफ्यातही!"

लॉन मामांनी दुपारपर्यंत उरकलं. संध्याकाळी निघताना पाहिलं, तर ते शेवंतीच्या वाफ्यात एका टोकाला घोंगडीने जागा मापत होते. शेजारी दुसऱ्याच औषधाची बाटली; लॉनवरचं फुलझाडांना सोसत नाही म्हणून.

"साहेबांनी सांगितलं ना, मारा म्हणून?" मी विचारलं.

"साहेबांनी सांगितलं. शेवंतीनं अजून न्हाई."