विषय : मज्जा रज्जू

मी शाळेत मुलांना अर्ज लिहायला शिकवायचे. प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू. एवढं जमलं की माणूस सरकारदरबारी अडत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून दादासाठी अर्ज करायची वेळ आली तेव्हा मी दुसऱ्या कुणाला कागदाला हात लावू दिला नाही. पुढे जे झालं त्याचा दोष त्यामुळे माझ्याच नावावर, हे आधीच नोंदवून ठेवते.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. वायरमन. भिवंडीतल्या लूमच्या शेडमध्ये त्याची कामं चालायची. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. एका शेडच्या छपरावर तो वायर ओढायला चढला आणि पायाखालचा सिमेंटचा पत्रा फुटला. मणका मोडला, कमरेखालचं अंग गेलं. इस्पितळात बरेच महिने काढून तो भिवंडीजवळच्या राहनाळला घरी आला तो चाकांच्या खुर्चीत. घरात आई, दादा आणि मी. मी पहिल्याच दिवशी भिंतीवर तक्ता लावला : दर दोन तासांनी कूस बदलणे, टाचा तपासणे, पाणी किती, लघवी किती. दादाने तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"बाय, तू माझी एसटी केलीस," तो म्हणाला. "आगमन, प्रस्थान. फक्त थांबा किती मिनिटं, ते लिवायचं ऱ्हायलं."

मी तेही लिहिलं.

महिन्यातून एकदा त्याला मुंबईच्या सरकारी इस्पितळात न्यावं लागे. शेजारच्या गोदामातले हमाल दादाचे पत्त्यांतले भिडू. ते त्याला खुर्चीसकट उचलून टेम्पोत चढवायचे आणि वर सांगायचे, "भाई, आज माल सँभाल के, काँच का है." इस्पितळाच्या मागच्या अंगाला एका खोलीत एक डॉक्टरीणबाई बसायच्या. पाठीच्या कण्यातून जाणारी जी मुख्य दोरी असते, मेंदूचे निरोप अंगभर पोचवणारी, तिला इजा झाली की नेमकं काय बिघडतं, यावर त्या काम करत होत्या. रुग्ण तपासायचा, वहीत नोंद करायची, पुढच्या महिन्यात परत तपासायचा. पहिल्याच भेटीत दादाने त्यांची परीक्षा घेतली.

"डॉक्टरबाई, मी जन्मभर जॉइंट मारलेत. वायर तुटली की सोलायची, पीळ द्यायचा, टेप लावायची. ही एक वायर तुमाला जोडता येत न्हाय?"

"एक असती तर जोडली असती," बाई म्हणाल्या. "आत असंख्य आहेत. कुठली कुठे जाते तेही पुरतं कळलेलं नाही."

"म्हणजे डायग्रामच न्हाय."

"तोच काढतोय आम्ही."

"माझा उपयोग हुईल?"

"डायग्रामला होईल. तुम्हाला होईल असं मी सांगणार नाही."

दादा त्यांच्यावर तिथल्या तिथे खूश झाला. तोवर त्याला भेटलेल्या प्रत्येकाने, वैद्यापासून मांत्रिकापर्यंत, तीन महिन्यांत चालवून दाखवतो असंच सांगितलं होतं.

दोनेक वर्षांनी, एका जानेवारीत, बाईंनी सांगितलं की खोलीचं सरकारी अनुदान मार्चअखेर संपतंय. पुढचं मंजूर झालं नाही तर खोलीला कुलूप आणि त्यांची बदली. रुग्णांनी वरच्या कार्यालयाला लिहिलं तर थोडा उपयोग होईल. परतताना घर जवळ आल्यावर दादा म्हणाला, "जेवलास का, हे मला समदेच विचारतात. हे असं का होतं, हे ती एकटी विचारते. ती खोली बंद व्हता कामा नये."

त्याच संध्याकाळी मी कागद घेतला. पहिल्याच ओळीला भांडण.

"स्पायनल कॉर्ड लिव," दादा म्हणाला. "वॉर्डबॉयलाबी कळतं."

"सरकारी अर्ज शुद्ध मराठीत असतो."

"मग पाठीतली नस लिव."

"नस नाही, मज्जारज्जू. आठवीच्या पुस्तकात आहे."

"आठवीत मी नापास झालतो. सरकारबी झालं आसंल."

मी मज्जारज्जूच लिहिलं. दुसऱ्या दिवशी कोर्टापाशी बसणाऱ्या टंकलेखकाकडून अर्ज टाइप करून घेतला. तपासायच्या गोष्टींची माझी यादी तयारच होती : तारीख, पत्ता, प्रती तीन, सह्या, अंगठे, इस्पितळाच्या कागदाची नक्कल, पोचपावती. सातही ठिकाणी बरोबरची खूण करून अर्ज रवाना केला. शब्द ओळीत मावला नाही तर टंकलेखक तो मधेच तोडतो, ही आठवी गोष्ट माझ्या यादीत नव्हती.

फेब्रुवारी अर्धा उलटल्यावर उत्तर आलं. मी दारात उभी राहून मोठ्याने वाचायला लागले, आणि तिसऱ्या ओळीवरून परत वरचा शिक्का वाचायला गेले. पत्र क्रीडा विभागाचं होतं. आपल्या गावातील 'मज्जा रज्जू' या खेळाबाबतचा अर्ज मिळाला. सदर खेळ रस्सीखेच या प्रकारात मोडत असल्याने अनुदानाचा विचार करता येईल. तरी आठ खेळाडूंची यादी, दोराची लांबी आणि मैदानाचा तपशील कळवावा.

मी अर्जाची प्रत काढली. विषयाची पहिली ओळ 'मज्जा'वर संपत होती. 'रज्जू' खालच्या ओळीत एकटा बसला होता. त्यांच्या मधे साधी रेघही नव्हती, आणि विषयाच्या खालचं कुणी वाचलेलं दिसत नव्हतं.

दादा इतका हसला की आईने त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. "मज्जा," तो परत परत म्हणत होता. "बाय, माझी मज्जा चाललीय, आनि सरकारला तुझ्यामुळं कळलं."

आईला वाचता येत नव्हतं. तिने मला विचारलं, "दोर वडायला सरकार पैसं देतं?"

"देतं."

"मंग घ्या की. न्हाय कशाला म्हनता?"

हसता हसता दादाने विचारलं, "आज तारीख किती?" मी सांगितली. मार्चअखेर दीड महिन्यावर आली होती.

मी रजिस्टर्ड पोस्टाने खुलासा धाडला. पाच मुद्दे, अनुक्रमांकासह. त्याचं उत्तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलं : पाहणीसाठी अधिकारी शनिवारी येत आहेत, खेळाडू व दोर मैदानावर हजर ठेवावेत. माझे पाचही मुद्दे कुणी वाचलेले दिसत नव्हते. मी चपला घालून तार करायला निघाले.

"कुठं चाललीस?" दादाने विचारलं.

"येऊ नका म्हणून कळवते. फसवणूक होईल ही."

"खोटं कोन बोलतंय? येऊ दे त्याला. मला सरकारकडं चालत जाता येत न्हाय. सरकार चालत येतंय तर तू अडवतेस?"

मी चपला काढल्या.

शनिवारी हमाल हाताला माती लावून, कापडाच्या गाठी बांधायचा दोर खांद्यावर घेऊन गोदामामागच्या मोकळ्या जागेत हजर झाले. आठ सांगितले होते, अकरा आले. दादाने सक्त ताकीद दिली : खोटं एक अक्षर बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं. थोड्या वेळाने रिक्षातून एक किडकिडीत साहेब उतरले. रुमालाने चष्मा पुसून त्यांनी दोर पाहिला, माणसं मोजली.

"मंडळाचे कप्तान कोण?"

अकरा हात खुर्चीकडे वळले. साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, दादाच्या पायांकडे पाहिलं.

"हे?"

"साहब, कप्तान बैठता है," एक हमाल म्हणाला. "खींचना तो हमको है."

मी पुढे होऊन अर्जाची प्रत साहेबांच्या हातात दिली. त्यांनी एकदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना पहिल्या ओळीच्या टोकावर बोट ठेवलं, ते सावकाश खालच्या ओळीच्या सुरुवातीला आणलं.

"मज्जारज्जू," ते म्हणाले. "हा अर्ज कोणी लिहिला?"

"मी. शिक्षिका आहे."

"दिसतंय."

आईने चहा आणला. साहेबांनी बशीत ओतून अर्धा प्यायला आणि सांगितलं की कागद परत पाठवला तर आरोग्याच्या टेबलावर पोचेपर्यंत पाऊस सुरू होईल. ते काहीच करू शकत नव्हते. त्यांचं खातं खेळाचं.

"साहेब, डबा कोनाबरबर खाता?" दादाने विचारलं.

"का?"

"आरोग्याचा कोन आसतो का जेवायला?"

साहेबांनी बशी खाली ठेवली. "एक असतो. रोज माझं लोणचं संपवतो."

"त्याच्या हातात एक कागद दिला तर?"

साहेबांनी बशी परत उचलून उरलेला चहा संपवला. मग माझ्याकडे वळले. "मला कळेल असं लिहा. मला कळलं तर त्याला कळेल. आणि बाई, तुम्ही फक्त लिहायचं. सांगायचं यांनी."

मी मांडीवर वही घेतली. दादाने सांगितलं ते असं : पाठीच्या कण्यातून अंगाची सगळी वायरिंग जाते. माझी तुटली आहे. जोडायची कशी, हे अजून कोणालाच माहीत नाही, कारण डायग्राम नाही. या खोलीत एक डॉक्टरबाई डायग्राम काढत आहेत. माझी लाईट येणार नाही, हे त्यांनी मला सांगितलं आहे. पुढं जो पत्र्यावरून पडेल त्याची यावी म्हणून सरकारने ही खोली चालू ठेवावी.

'न्हाय'चं 'नाही' केलं, तेवढं सोडून एकही शब्द मी सुधारला नाही. माझ्या आयुष्यात असं तेव्हा पहिल्यांदाच झालं.

साहेबांनी कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला. मग खाकरले. पाहणीला आलो तर पाहणी लिहावीच लागेल, म्हणाले. मग चौघे इकडे, चौघे तिकडे आणि उरलेले तिघे आरडाओरड्याला, अशी रस्सीखेच झाली. दादाने शिट्टी मारली. दोनदा त्याने पत्त्यांतल्या आपल्या पक्क्या जोडीदाराच्या बाजूने निकाल दिला आणि दोन्ही वेळा साहेबांनी तो फिरवला. अहवालात त्यांनी काय लिहिलं माहीत नाही, पण त्या वर्षी राहनाळच्या हमालांना एक नवाकोरा सरकारी दोर मिळाला.

मार्च संपला. आमच्याकडे एका ओळीचंही पत्र आलं नाही. एप्रिलमध्ये तपासणीचा दिवस आला तेव्हा मी दोन याद्या घेऊन टेम्पोत बसले : खोली उघडी असली तर काय विचारायचं, आणि बंद असली तर कुणाकडे जायचं. दुसरी यादी फार लहान होती. दादा वाटभर हमालांशी क्रिकेटवर बोलत होता.

खोली उघडी होती. एक वर्षाची मुदत वाढवून मिळाली होती. बाई म्हणाल्या, फाइलमध्ये कुणीतरी वायरिंगचा कागद लावला आहे, आणि तो वाचून वरचे साहेब हसलेही होते आणि त्यांनी दोन प्रश्नही विचारले होते. त्या कागदाने काम झालं की इतर रुग्णांच्या पत्रांनी, की नुसत्या कुणाच्या तरी सहीच्या लहरीने, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्यामुळे तिथे मी बरोबरची खूण केलेली नाही.

"हसले का?" दादाने विचारलं.

"खूप."

"मंग ठीक."

बाईंनी वही उघडली, दादाला टेबलावर घ्यायला सांगितलं आणि टाचणी काढली. तळपायापासून वर येत येत प्रत्येक ठिकाणी त्या विचारत होत्या, समजतं का.

"न्हाय," दादा म्हणाला. त्यांनी लिहिलं.

"इथे?"

"न्हाय."

"इथे?"

"न्हाय. डॉक्टरबाई, हे न्हाय-न्हाय सुद्दा सरळ रेषेत लिवा हां. मधे तोडू नका."