पुडी, आयोडीन आणि माझं निदान

मशीनने पांढऱ्या पेशी अठरा हजार दाखवल्या. माझा विश्वास बसला नाही, म्हणून काचपट्टी करून मायक्रोस्कोपखाली पाहिली. मशीन खरं बोलत होतं.

एवढा काउंट असलेला माणूस साधारणपणे कण्हत असतो. आमचा पेशंट बाकावर बसून पेपर वाचत होता. हे शिंदे सर. त्यांनी मला आठवी ते दहावी विज्ञान शिकवलं. माझे अब्बा केजला जीपचे मेकॅनिक. मला सायन्सला घालावं म्हणून सर तीनदा गॅरेजात येऊन बसले. अब्बांनी त्यांची स्कूटर फुकट दुरुस्त करून विषय मिटवायचा प्रयत्न केला, तरी उठले नाहीत. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. आज मी केजच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, ती त्या बैठकांमुळे.

"सर, ताप येतो का?"

"न्हाई."

"कुठं दुखतंय?"

"दोन वर्षं झाली, दुखणंच बंद झालंय. गुडघे एकदम मोकळे. फक्त ही पायाची जखम भरत न्हाई."

जखम महिन्याची होती. सूज नाही, लाली नाही. चेहरा मात्र गोल झाला होता, त्यामुळे गावभर तब्येत सुधारल्याचं कौतुक सुरू होतं.

काचपट्टीवर न्यूट्रोफिलची, म्हणजे जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींची गर्दी होती. लिम्फोसाइट मोजकेच. इओसिनोफिल, म्हणजे गुलाबी दाण्यांची पेशी, एकही सापडेना. हे चित्र मी शिकताना पाहिलं होतं. ते स्टेरॉइडचं असू शकतं. स्टेरॉइड आपल्या शरीरातही बनतं, मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीत. बाहेरून जास्त घेतलं की रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेले न्यूट्रोफिल प्रवाहात येतात, म्हणून काउंट वाढतो. पण ते जखमेपर्यंत नीट पोचत नाहीत. बाकीच्या पेशी रक्तातून काढता पाय घेतात. थोडक्यात, मस्टरवर हजेरी भरपूर आणि टेबलावर कोणी नाही. आपल्याकडे हे समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत.

"सर, तुम्ही घेता काय?"

"तेलगावच्या बाजारात एक जण पुडी देतो. शुद्ध जडीबुटी. मी तपासूनच घेतलीय."

"कशी तपासली?"

"आयोडीन टाकलं. निळी झाली न्हाई. म्हंजे पीठ मिसळलेलं न्हाई."

प्रयोग निर्दोष होता. पुडीत पीठ नव्हतं. पीठ सोडून काय आहे, हा प्रश्न दहावीच्या पेपरात येत नाही. या प्रमाणपत्रावर सकाळी फिरायला येणारे आणखी पाच जण तीच पुडी खात होते, आणि सर ती सगळ्यांसाठी आणून देत होते. समाजसेवा म्हणून.

मला माझ्या हुशारीचा फार आनंद झाला. "यात स्टेरॉइड आहे, सर. आजपासून बंद," असं सांगून टाकलं. वर मी म्हणाले, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

"आता डॉक्टर कशाला? माझ्या विद्यार्थिनीनं निदान केलंय," म्हणत सर उठले.

मी हसले. अडवलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या बायकोचा, काकूंचा फोन आला. "नसरीन, सर उठंनात गं. कालपासून उलट्या हायत. अंग गार पडलंय. तू सांगितल्यापासून पुडीला हात लावला न्हाई त्यांनी."

ते शेवटचं वाक्य काकू माझ्या कौतुकाने बोलल्या.

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा सरांचं बीपी ऐंशीच्या खाली होतं. मी डॉक्टरांना पुडीचं सांगितलं.

"बंद कुणी केली?"

"मी."

"तुम्ही डॉक्टर कधी झालात?"

"परवा."

ते हसले नाहीत. सलाईन लावून त्यांनी जे इंजेक्शन मागवलं, ते स्टेरॉइडच होतं. मी बंद केलेलं. दोन वर्षं आयतं मिळाल्यामुळे सरांच्या ग्रंथींनी स्वतःचं काम सोडून दिलं होतं. त्या ग्रंथींना जागं करायला महिने लागतात, डोस थोडा थोडा उतरवत. मी एका वाक्यात उतरवला होता.

संध्याकाळपर्यंत मी कॉटजवळून हलले नाही. दिवेलागणीला सरांनी डोळे उघडले. आधी पाणी मागितलं, मग काय झालं ते विचारून घेतलं.

"निदान बरोबर," ते म्हणाले. "कृती चूक. दहापैकी चार."

"आणि आयोडीनच्या प्रयोगाला, सर?"

सरांनी पुन्हा पाणी मागितलं.

पुढच्या आठवड्यात सर पुडी खाणाऱ्या पाचही जणांना एका जीपमध्ये घालून डॉक्टरांच्या दारात उतरले आणि हजेरी घेतली. पाचही हजर. एकानेही पुडी अचानक बंद केली नव्हती. सरांनी तशी सक्त ताकीद दिली होती, माझं उदाहरण देऊन.

आता सरांची जखम भरली आहे. गुडघे पूर्वीसारखे दुखतात. परवाच्या काचपट्टीवर तीन इओसिनोफिल सापडले. मी आकडा लिहिला, सही केली, पाकीट बंद केलं आणि सरांच्या हातात दिलं. डॉक्टरांचं हॉस्पिटल कुठल्या बाजूला आहे, ते फक्त बोटाने दाखवलं.