कोपरापर्यंत बांगड्या

हिंदी मुलखातल्या बिर्लानगरच्या मराठी वस्तीत शालिनीताईंसारखी बोलकी बांगडीवाली दुसरी नव्हती. गिरणी बंद पडून नवऱ्याची, बळवंतरावांची, नोकरी गेली, तेव्हा टोपली घेऊन घराबाहेर पडल्या त्या पडल्याच. बाईचा हात हातात घेतला की असा काही किस्सा रंगवायच्या, की ती हसून संपेपर्यंत सहा बांगड्या चढलेल्या असायच्या. त्यांच्या स्वतःच्या हातांत मात्र कोपरापर्यंत काच. भारी हौशी बाई, असं सगळी वस्ती म्हणायची. बळवंतराव गेले आणि ती हौस एका दिवसात संपली.

हळदीकुंकवाला विधवेला कोण बोलावतं? पण बांगडीवालीवाचून शेजारच्या उषाताईंचं चैत्रातलं हळदीकुंकू अडायचं, म्हणून शालिनीताई दरवर्षी ऐटीत मधोमध बसायच्या. यंदा लेक गरिमाही छावणीतून, सासरहून आली. संध्याकाळी जावई संग्रामसिंह तिला न्यायला येणार होता.

"मम्मी, कोपरापर्यंत भर. आजकल फॅशन आहे," म्हणत तिने हात पुढे केला.

शालिनीताईंनी मनगट धरलं मात्र, बांगडी लागायच्या आधीच गरिमाने हात आखडला. बाही जराशी सरकली. चार बोटांचे हिरवे-पिवळे वळ. बाथरूममध्ये फिसलले, असं गरिमा घाईघाईने सांगू लागली. हे वाक्य शालिनीताईंनी सव्वीस वर्षं वापरलं होतं, आणि त्यांच्या घरात तर धड बाथरूमही नव्हतं. आज हा हात झाकला, तर लेक संध्याकाळी निमूट परत जाणार.

त्यांनी बांगड्या टोपलीत ठेवून दिल्या.

"माझी हौस नव्हती गं ती. तुझे बाबा मारायचे."

गरिमाच्या आठवणीतले बाबा म्हणजे जिलेबी आणणारे, मुंगीलाही न दुखावणारे. ती आईकडे बघतच राहिली. खोलीतल्या बायका मात्र आपापल्या वाटीतले हरभरे मोजू लागल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं.

"तुला विचारलं तर वाईट वाटेल, असं वाटायचं आम्हाला," उषाताई पुटपुटल्या.

"विचारलं असतंत तर खोटंच बोलले असते. तरी विचारायचं होतंत."

उषाताईंनी पदर खोचला, गरिमासमोर फतकल मारून बसल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"बोल. कुणी मारलं?"

गरिमाने आधी दाराकडे पाहिलं, मग आईकडे. "यांनी," ती म्हणाली. "दिवाळीपासून."

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल वाजली. संग्रामसिंह उंबऱ्याशी येऊन गरिमाला हाक मारणार, तोच पंचवीस बायकांनी एकदम माना वळवल्या. उषाताईंनी मोठ्या अगत्याने आंब्याच्या डाळीचा द्रोण त्याच्या हातात ठेवला.

"घ्या जावईबापू. एकट्यापुरतीच आहे."

द्रोण सांभाळत तो गाडी चालू करायची खटपट करत राहिला, आणि आत गरिमा तिसरा ग्लास पन्हं मागत होती.