रिकाम्या जागेवरचा क्लिक

पहाटे चारला वसुंधरेचा दिवस सुरू व्हायचा. ती राहायची त्या आचोळ्यात नळाला पाणी तेव्हाच यायचं. हंडे तिसऱ्या मजल्यावर चढवून ती साडेनऊला निर्मळ गावात पोचायची. तिथे आमच्या फुलांच्या सोसायटीत मी हमाल होतो. दोन हजार दोन सालची गोष्ट.

तिच्या कंपनीने तिला आमचा प्रोग्राम लिहायला दिला होता. स्क्रीनवर सभासदांची यादी. नावावर क्लिक केला की चिठ्ठी छापून यायची: उद्या मोगऱ्याची टोपली आणा. प्रोग्राम चालला तर तिची नोकरी पक्की आणि घरात पाण्याची टाकी. सोसायटीने कॉम्प्युटर परत पाठवला तर दोन्ही गेलं.

पण रोज एक चिठ्ठी हेलनबाई नावाच्या सभासदाला जायची. त्यांनी मोगरा उपटून केळी लावून वर्ष झालं होतं. माल आणला नाही तर सभासदत्व रद्द, असा नियम. तिसऱ्या दिवशी त्यांनी टोपलीभर केळी आणून आदळली.

"हा घ्या तुमचा मोगरा!"

सेक्रेटरी कृष्णाभाऊंनी ती मोगरा म्हणून तोलली. कॉम्प्युटर म्हणतो तर मोगराच. मी टोपली टेम्पोत चढवली. मोगऱ्यापेक्षा कितीतरी जड. दादरच्या व्यापाऱ्याचा फोन आला, "माल ताजा आहे, पण सोलावा लागतो."

वसुंधरेने यादीतल्या एकूण एक नावावर क्लिक करून पाहिला. ज्याचं नाव, त्याचीच चिठ्ठी. बोट हलवण्याला मी मेहनत म्हणत नाही. पण ती जेवली नव्हती, हे मी पाहिलं.

कृष्णाभाऊंनी शनिवारपर्यंत मुदत दिली. शनिवारी ती पाणी भरून झोपली नाही, पहिल्या गाडीने आली. मी शटर उचलत होतो. कृष्णाभाऊंनी रिकामा काटा एकदा हलवला. पहिलं वजन कुणाचंच नाही, देवाचं, ही आमच्याकडची जुनी रीत. मग त्यांनी माउस धरला आणि यादीखालच्या कोऱ्या जागेवर क्लिक केला. चिठ्ठी आली. हेलनबाईंची.

"भाऊ, हे रोज करता?" वसुंधरेने विचारलं.

"रोज. पहिला मान देवाचा."

"आणि चिठ्ठी?"

"देव त्या बाईवर प्रसन्न आहे. आपण कोन बोलणारे?"

वसुंधरेने कॉम्प्युटरसमोरची खुर्ची ओढली. मग तिने मला समजावलं. कोऱ्या जागेवर क्लिक केला की प्रोग्राम सगळ्यांत जवळचं नाव धरतो. खाली शेवटचं नाव हेलनबाईंचं. क्लिक त्या नावाच्या चौकटीत पडला का, हे प्रोग्रामने आधी तपासायला हवं होतं. तिने ते लिहिलं.

कृष्णाभाऊंनी पुन्हा क्लिक केला. काहीच झालं नाही.

"बिघडला!"

"भाऊ, काही व्हायचंच नाही. हेच बरोबर."

"मग देवाला कळनार कसं? कॉम्प्युटर पसंत म्हणून मी सही करनार नाय."

ती पुन्हा कीबोर्डकडे वळली. मग आणखी थोडं लिहिलं. कोऱ्या जागेवर क्लिक केला की कॉम्प्युटर टुंग करू लागला. कृष्णाभाऊंनी हात जोडले आणि सही केली.

नोकरी पक्की झाली. साठलेल्या पगारातून टाकी आली. जिन्यात मावेना, तेव्हा मीच दोराने गच्चीवरून चढवली. टाकी बघायला कृष्णाभाऊही आले होते. ती भरल्यावर ते बादली उचलून म्हणाले, पहिली बादली देवाच्या नावाने ओतायची.

वसुंधरेने बादली त्यांच्या हातातून काढून घेतली.

"भाऊ, हे पाणी आहे."