पाठींवर पडलेली नावं

ज्या बाईचं आयुष्य तुम्ही पाऊण तास डोळे भरून पाहिलंत, तिचं नाव तुम्हाला सांगता येईल?

रविवारी दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवून आम्ही एक माहितीपट लावला. गटारं साफ करणाऱ्या बायकांनी हातमोज्यांसाठी दिलेल्या लढ्याचा. तो लढा उभा करणाऱ्या कौसल्यामावशी पहिल्याच रांगेत होत्या. शेवटी माहितीपटातल्या माणसांची नावं सुरू झाली तसे लोक उठले आणि पडदा म्हणून टांगलेल्या चादरीवर पडायची अक्षरं त्यांच्या पाठींवर पडू लागली.

"बसा की खाली! माझं नाव यायचंय अजून," मावशी ओरडल्या.

"मावशी, एवढा वेळ तुम्हालाच तर बघितलं!" मागून एक जण हसला.

"तोंड बघितलंस रे. एकोणीस वर्षं हजेरीपटावर मी नुसती 'बदली कामगार' आहे. नाव कुठंच नाही."

तो खाली बसला. मला वाटलं, अन्यायाला चेहऱ्यांची भीती नसते, नावाची असते. नाव लागलं की माणूस जाब विचारतो. मागे ना कंपनी ना जाहिरात, चार पोरांनी काढलेला हा माहितीपट हजेरीपटाने नाकारलेलं नाव चारचौघांत लिहीत होता, आणि ते आम्हीच अडवत होतो.

नावं पुन्हा लावली. मावशींनी आपलं नाव अडखळत, पण मोठ्याने वाचलं.

तुमच्या वस्तीतही असा माहितीपट लावा. पडदा नसला तर चादर चालते. फक्त शेवटचं नाव जाईपर्यंत कुणाला दिवा लावू देऊ नका.