आकडा बदलला, रेषा नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. आज का सांगतेय? कारण शोधत बसले तर पुन्हा राहून जाईल.

महाळुंग्याला माझ्या पुतण्याचं, गणेशचं, पत्रे कापायचं वर्कशॉप आहे. तिथली ड्रॉइंग मी करते. कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं, मला कुणी शिकवलं नाही. पोरांच्या मागे उभं राहून, बघून बघून शिकले. त्याचा केवढा तोरा मला! शैला मात्र डिप्लोमा झालेली. माझी फाईल घ्यायची आणि कटिंग मशीनला द्यायची, हे तिचं काम.

एकदा गिऱ्हाइकानं ब्रॅकेटच्या दोन भोकांमधलं अंतर वाढवायला सांगितलं. खरं तर भोक सरकवायचं, मग आकडा आपोआप बदलतो. पण भोक सरकवलं की कड सरकवा, पत्रा वाकवायची, बेंडची रेषा सरकवा — कोण करत बसणार? मी नुसत्या आकड्यावर क्लिक केलं आणि नवा आकडा टाईप केला. दिसायला सगळं ठीक दिसतं हो. पण मशीन आकडा वाचत नाही, रेषा वाचतं.

अख्खा लॉट भंगारात गेला.

इथवर चूकच म्हणा. चुका कुणाच्या होत नाहीत? पण पुढचं... गणेश खाली मशीनपाशी ओरडत होता, तेवढ्यात मी वर ऑफिसात फाईल उघडली, भोक नीट सरकवलं आणि सेव्ह केलं.

तो शैलाला घेऊन वर आला. "ड्रॉइंग तर ओके आहे! मग शैला, तू कापलंस काय?"

ती स्क्रीनकडे बघतच राहिली. "सर, मी हीच फाईल... की जुनी घेतली मी?"

तिचा स्वतःवरचा विश्वास माझ्या डोळ्यांदेखत उडाला. आणि मी काय करावं? मध्ये पडले! म्हटलं, "असू दे रे गणेश, चुकतं माणूस." मला कोण काढणार होतं? मालकाची काकू मी. तरी खरं सांगितलं नाही.

तिला काढलं. तिनं पुन्हा कॅडला हात लावला नाही. माझं लक्ष राहत नाही, म्हणायची. आता एका कंपनीत पॅकिंगला जाते.

परवा आळंदीच्या बसथांब्यावर भेटली, लेकीला घेऊन. लेकीला म्हणाली, "ह्या आजी बघ. सगळे माझ्यावर ओरडत होते, तेव्हा ह्या एकट्या माझ्या बाजूनं बोलल्या. पाया पड."

पोर वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.